मुलीच्या धनुष्यासाठी वर्गणी मागताना

सप्रेम नमस्कार. आम्ही साताऱ्याजवळच्या एका गावात राहतो. मी अंगणवाडी सेविका आहे, यजमान एमआयडीसीत नोकरीला आहेत आणि दीड एकर रानात आम्ही आले व सोयाबीन घेतो. मोठी मुलगी चौदा वर्षांची आहे. ती तीन वर्षांपासून कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्याची) धनुर्विद्या करते आणि यंदा तिची राज्य संघात निवड झाली. पहिल्या धनुष्यासाठी काढलेले पतसंस्थेचे कर्ज अजून फिटलेले नाही. आता सर म्हणतात की नवे धनुष्य घ्यावे लागेल आणि थायलंडच्या एका स्पर्धेलाही पाठवू. माझ्या धाकट्या दिरांनी ऑनलाइन लोकवर्गणीसाठी आठ लाखांचे आवाहन तयार केले आहे: धनुष्य-बाण तीन लाख, थायलंड दोन लाख, प्रशिक्षण व खुराक दीड लाख आणि इतर दीड लाख. त्यासाठी व्हिडिओही काढला आहे. आमचे स्लॅबचे घर असताना तो गोठ्यासमोर काढला, मुलीला जुना ट्रॅकसूट घालायला लावला आणि वर लिहिले, ‘गरीब शेतकऱ्याच्या लेकीला ऑलिम्पिकला पाठवा’. पैसे अकादमीच्या खात्यावर यावेत असे सरांचे म्हणणे आहे. यजमान म्हणतात, लोक दवाखान्यासाठी मागतात, आपण खेळासाठी कसे मागायचे? मुलीने मात्र रात्री एकच विचारले, ‘मी मेडल नाही आणले तर हे पैसे परत द्यायचे का?’ मला उत्तर देता आले नाही. व्हिडिओ अजून टाकलेला नाही. काय करावे?
– एक आई, सातारा जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावरच बेतायचे आहेत. नाही, ते पैसे तिने परत द्यायचे नाहीत, पैशाने नाही आणि पदकानेही नाही, हे तिला आजच स्वच्छ शब्दांत सांगा. मात्र तुमचे हे सांगणे खरे ठरायचे असेल तर आवाहनही तसेच लिहिले गेले पाहिजे. ‘ऑलिम्पिकला पाठवा’ असे लिहून लोकांकडून पैसे घ्यायचे आणि घरी मुलीला ‘तू काळजी करू नकोस’ म्हणायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला ते कळते, म्हणून तर तिने तो प्रश्न विचारला. वर्गणी खर्चासाठी मागावी, पदकासाठी मागू नये, आणि तिचा हिशेब आईवडिलांनी द्यावा, मुलीने नव्हे. माझा सल्ला याच पायावर उभा आहे.

खेळासाठी लोकांपुढे मागावे का, हा तुमच्या यजमानांचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यामागचा संकोचही मला समजतो. पण आपल्या भागात ही गोष्ट नवी नाही. जत्रेतल्या कुस्त्यांचे इनाम गावच्या वर्गणीतूनच उभे राहत आले, आणि तालमीतल्या होतकरू पोराच्या दूध-बदामाचा खर्च गावातल्या कुणीतरी उचलावा, यात ना देणाऱ्याला मोठेपणा वाटायचा ना घेणाऱ्याला लाज. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते अशाच पैशांवर. गावकऱ्यांनी आणि हितचिंतकांनी रक्कम जमवली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर त्यांच्यासाठी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. खाशाबांनी तिथे बँटमवेट फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवून प्राचार्यांचे पैसे फेडले, असे सांगितले जाते.

ही गोष्ट सातारा जिल्ह्यात प्रत्येक खेळाडूच्या सत्कारात सांगितली जाते, आणि तुमचे दीरही ती आवाहनात घालतील अशी मला शक्यता वाटते. म्हणूनच तिच्यातला एक भाग नीट पाहावा लागेल. खाशाबा त्या वेळी २६ वर्षांचे होते. कोणाचे किती देणे लागतो हे त्यांना ठाऊक होते, आणि ते फेडायचे हा निर्णय एका प्रौढ माणसाने स्वतःच्या मनाने घेतला होता. तुमची मुलगी चौदा वर्षांची आहे. शेकडो अनोळखी माणसांचे ऋण तिच्या नावावर लिहिण्याचा अधिकार तिच्या आईवडिलांनाही नाही, मग काकांना किंवा सरांना कुठून असणार?

दवाखान्याच्या तुलनेबद्दल थोडक्यात सांगते. शस्त्रक्रियेसाठी मागणारे आणि धनुष्यासाठी मागणारे यांची गरज सारखी नाही, आणि ती सारखी असल्याचे भासवू नये, एवढेच पथ्य पाळावे. ‘शेवटचे पाच दिवस’, ‘आत्ता नाही तर कधीच नाही’, ‘तिला वाचवा’ ही दवाखान्याच्या आवाहनांतली भाषा खेळाच्या आवाहनात आणली, तर तो खरोखर अडलेल्या माणसाचा अपमान होतो. ही गरज जीवनमरणाची नाही हे उघड ठेवून मागितले, तर द्यायचे की नाही हे माणसे आपापले ठरवतात. काही माणसांना आजारीच माणसाला मदत करावीशी वाटते, तर काहींना आपल्या तालुक्यातली एखादी पोर पुढे गेलेली पाहावीशी वाटते. दोघांच्याही मनाचा मान ठेवावा.

आता व्हिडिओकडे वळते. त्याबद्दल मात्र मी सौम्यपणे लिहू शकत नाही. तो टाकू नका. तुमचे घर श्रीमंत नाही हे खरे आहे. अंगणवाडीचे मानधन, कंपनीतला पगार, भाव मिळाला तर आल्याचे चार पैसे आणि डोक्यावर पतसंस्थेचा हप्ता, अशा घराला तीन लाखांचे साहित्य परवडत नाही, यात कसलीच शंका नाही. ही खरी अडचण एवढी पुरेशी असताना गोठ्यासमोर उभे राहण्याची गरज का वाटावी? तुमच्या दिरांची नियत वाईट आहे असे मी म्हणत नाही. अशी दृश्ये पाहून लोक पैसे देतात हे त्यांनी पाहिलेले असणार. पण त्या चित्रीकरणात मुलगी काय शिकली याचा विचार करा. आपले खरे घर दाखवले तर कोणी मदत करणार नाही, आपला नेम कसा लागतो यापेक्षा आपण किती केविलवाण्या दिसतो याला किंमत आहे, आणि घरातली मोठी माणसे पैशासाठी थोडे खोटे चालवून घेतात. उद्या गावातल्याच कुणी तुमच्या स्लॅबच्या घराचा फोटो त्या व्हिडिओखाली टाकला, तर मान खाली जाईल ती तुमच्या दिरांची नव्हे. शाळेत बोलणी तिला खावी लागतील.

खोट्या गरिबीचा आणखी एक तोटा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. तुमच्याच अकादमीत एखादी मुलगी असेल, जिचे वडील मार्केट यार्डात हमाली करत असतील आणि जी अजून बांबूच्या धनुष्यावरच सराव करत असेल. तिच्यासाठी व्हिडिओ करणारा काका नसतो. मध्यमवर्गाच्या खालच्या पायरीवरच्या घराने स्वतःला कंगाल म्हणवून मदत घेतली, की जे खरोखर कंगाल आहेत त्यांच्या वाट्याचे शब्दही संपतात, आणि पुढच्या वेळी देणाऱ्याचा विश्वासही. तुम्ही आहात तशाच दिसा. ‘आमच्या घरात दोन उत्पन्ने आहेत, तरीही हा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे’ हे वाक्य वाचून पैसे देणारी माणसे आहेत. ती कदाचित कमी असतील, पण त्यांच्यापुढे तुम्हाला काही लपवावे लागणार नाही.

ऑलिम्पिकचा उल्लेखही काढून टाका. यात नीतीचा प्रश्न आहेच, पण आधी तो माहितीचा आहे. ऑलिम्पिकमध्ये कित्येक दशके रिकर्व्ह, म्हणजे टोके वळलेले, कप्प्या नसलेले धनुष्यच चालत आले आहे. कंपाउंड पहिल्यांदा येणार ते २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये, आणि तेही फक्त मिश्र सांघिक प्रकारात, म्हणजे एका देशाची एक मुलगी आणि एक मुलगा. आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंडचे वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवले, त्याच स्पर्धेत साताऱ्यात सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला, आणि तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक धनुर्धर मुलीकडे ‘पुढची अदिती’ म्हणून पाहिले जाते. पण विचार करा, अदिती आणि ज्योती सुरेखा वेन्नमसारख्या खेळाडू ज्या देशात आहेत, तिथे त्या एका जागेसाठी किती चुरस असेल. तुमच्या मुलीने ते स्वप्न पाहू नये असे मी मुळीच म्हणत नाही. तिने ते खुशाल पाहावे, फक्त त्यावर पैसे उचलू नयेत. राज्य संघातली निवड ही आज हातात असलेली, कागदावर दाखवता येणारी गोष्ट आहे, आणि आवाहनात तेवढीच लिहावी.

आता आठ लाखांचा आकडा उलगडून पाहू. ‘इतर दीड लाख’ ही ओळ आधी खोडा. लोकांकडून मागितलेल्या पैशात ‘इतर’ नावाचा रकाना असू नये. खुराक आणि महिन्याची फी हा चालू खर्च आहे. तो घरातून, कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणेच चालावा असे मला वाटते, कारण तो दर वर्षी पुन्हा येणार, आणि दर वर्षी लोकांपुढे उभे राहायचे ठरवले तर मुलीचे प्रत्येक वर्ष म्हणजे नव्याने द्यायची परीक्षा होऊन बसते. तो पेलत नसेल तर सरांशी फीच्या सवलतीबद्दल बोला. त्यात कमीपणा नाही.

थायलंडच्या स्पर्धेबद्दल मला जास्त काळजी वाटते. अनेक खेळांत आजकाल परदेशातल्या अशा ‘खुल्या’ स्पर्धा भरतात, जिथे प्रवेश फी आणि प्रवासखर्च भरला की कोणालाही जाता येते. परत आल्यावर स्टँडपासून घरापर्यंत मिरवणूक निघते, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि पुढे नोकरीच्या क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला दिले की ते अमान्य होते. ही स्पर्धा त्यातलीच आहे असे मी म्हणत नाही. तुम्ही सरांना आदराने पण नेमके विचारा: स्पर्धा भरवणारी संघटना जागतिक धनुर्विद्या महासंघाशी संलग्न आहे का, भारतीय धनुर्विद्या संघटनेच्या निवड चाचणीतून संघ जाणार आहे का, आणि तसे लेखी पत्र मिळेल का? अधिकृत भारतीय संघातून निवड झाली, तर खर्च बहुतेक वेळा शासनाच्या साहाय्यातून आणि संघटनेकडून होतो. क्वचित ‘शासनावर खर्चाचा भार न टाकता’ या अटीवर मंजुरी मिळते, आणि तेव्हा खेळाडूला स्वतः पैसे उभे करावे लागतात. असे पत्र हाती असेल तर त्या दोन लाखांसाठी वेगळे आवाहन करणे योग्य ठरेल. पत्र नसेल तर लोकांच्या पैशाने ती सहल होईल. चौदाव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत वरचे गुण मारणे हे थायलंडच्या शिक्क्यापेक्षा फार मोलाचे आहे.

उरले धनुष्य. ही गरज खरी आहे. तरीही तीन लाखांचा आकडा तसाच घेऊ नका. धनुष्य, नेम धरायची साइट, तिच्यावरचे भिंग म्हणजे स्कोप, तोल राखणारा स्टॅबिलायझर, दोरी सोडायचे रिलीज आणि डझनभर कार्बन बाण असा पूर्ण संच आयात मालाचा असतो आणि सहज काही लाखांच्या घरात जातो, हे खरेच आहे. पण तुमची मुलगी अजून वाढते आहे. उंची आणि हात वाढले की दोरी ओढण्याचे अंतर बदलते, ताकद वाढली की ओढण्याचे वजन बदलते, आणि त्यानुसार बाणाची लांबी व ताठपणाही बदलावा लागतो. आज सर्वांत महागडे स्पर्धेचे मॉडेल घेतले आणि दीड-दोन वर्षांत त्याचे मोजमाप तिला पुरेनासे झाले, तर देणगीदारांचे पैसे वाया जातील आणि तुम्हाला पुन्हा हात पसरावे लागतील. ज्या मॉडेलमध्ये कप्पीवरचा मॉड्यूल नावाचा भाग फिरवून ओढीचे अंतर बरेच वाढवता येते ते घ्यावे का, एखाद्या वरिष्ठ खेळाडूचे सुस्थितीतले वापरलेले धनुष्य मिळते का, हे सरांखेरीज आणखी एका जाणकाराला विचारा. दोन दुकानांची लेखी कोटेशन मागवा. जुने धनुष्य विकून येणारी रक्कम आणि तुम्ही स्वतः घालू शकाल तेवढी रक्कम वजा करा, आणि जे उरेल तेवढेच मागा. आठ लाखांचे आवाहन दोन लाखांच्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे, आणि दोन लाख ही पाहुणे, सहकारी, गावकरी आणि तिच्या खेळावर जीव असलेली माणसे मिळून उभी करू शकतील अशी रक्कम आहे.

पैसे अकादमीच्या खात्यावर घेऊ नका. सर प्रामाणिक असतील, असणारच. पण जो माणूस फी घेतो, साहित्य सुचवतो आणि निवडीबद्दलही सल्ला देतो, त्याच्याच खात्यावर देणग्या जमा झाल्या तर उद्या साधी शंका आली तरी तुम्ही ती विचारू शकणार नाही, आणि तोंड बंद ठेवून मुलीला रोज त्याच मैदानावर पाठवत राहाल. मुलीला अकादमी बदलायची झाली तर हा पैसा तिच्या पायात अडकेल, हाही विचार करा. तुम्ही आणि यजमान यांच्या नावाने बँकेत एक वेगळे बचत खाते उघडा. त्यात या पैशाखेरीज दुसरा एक रुपया येऊ देऊ नका. खर्च शक्यतो थेट दुकानदाराच्या नावे करा. गावात आहेराची वही जशी जपून ठेवतात आणि कोणी किती दिले हे पाहूनच पुढचा व्यवहार करतात, तशीच इथेही एक वही ठेवा: तारीख, नाव, रक्कम, आणि शेवटी दुकानाच्या पावतीची प्रत. आवाहन एखाद्या ऑनलाइन व्यासपीठावरून करणार असाल तर त्यांचे शुल्क आधी वाचून घ्या. काही ठिकाणी जमलेल्या रकमेतून कपात होते, तर काही ठिकाणी देणाऱ्याकडून वेगळी ‘टिप’ मागतात आणि ती आपोआप भरलेली असते. देणाऱ्यांना हे तुम्ही स्वतःहून सांगावे.

कराचाही एक मुद्दा आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली भेट रक्कम एकूण ५० हजारांच्या वर गेली, तर सध्याच्या आयकर कायद्यानुसार ती सगळीच्या सगळी करपात्र उत्पन्नात धरली जाते, केवळ वरची रक्कम नव्हे. तुमचे भाऊ, तुमचे दीर यांसारख्या जवळच्या नातेवाइकांनी दिलेले पैसे यात येत नाहीत. मित्र, शेजारी आणि अनोळखी देणगीदार मात्र येतात. देणाऱ्यालाही तुम्हाला दिलेल्या पैशावर करसवलत मिळत नाही, ती नोंदणीकृत आणि मान्यताप्राप्त संस्थेला दिल्यावरच मिळते, त्यामुळे तसे आश्वासन कोणी देऊ नये. मोठी रक्कम येणार असेल, मंडळाच्या नावाने वर्गणी फिरवायची असेल किंवा परदेशी नागरिकत्व घेतलेले कोणी पैसे पाठवणार असेल, तर एकदा साताऱ्यातल्या कर सल्लागाराकडे जाऊन बसा. या तिन्हींचे नियम वेगवेगळे आहेत.

लोकांपुढे जाण्याआधी आणखी काही दारे ठोठावायला हवीत, आणि ती ठोठावली हे आवाहनात सांगता यायला हवे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन राज्य संघातल्या खेळाडूला कोणती मदत मिळते हे लेखी अर्ज करून विचारा. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूसाठी वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद असते आणि त्यातले महिना १० हजार रुपये खेळाडूच्या हातखर्चासाठी असतात. त्या निवडीचा मार्ग तुमच्या मुलीच्या वयाला खुला आहे, तो सरांकडून समजून घ्या. यजमान ज्या कंपनीत आहेत तिथे विचारा. २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो. हा निधी सहसा एखाद्या संस्थेमार्फत द्यावा लागतो, म्हणून अकादमीची नोंदणी असेल तर अर्ज तिथून जावा, आणि त्यात एका मुलीऐवजी चार मुलींच्या साहित्याची मागणी असावी.

गावातल्या पुढाऱ्यांबद्दलही सांगून ठेवते, कारण आवाहन पसरले की त्यांच्यापैकी कोणीतरी येईलच. देणगी घ्यायला हरकत नाही. इतरांना देता तशीच पावती त्यांनाही द्या. मात्र चौदा वर्षांच्या मुलीचा फोटो त्यांच्या फोटोशेजारी चौकातल्या फ्लेक्सवर लागता कामा नये. देणगी स्वीकारतानाच हे सांगा, नंतर सांगणे अवघड जाते. ते मान्य नसेल तर पैसे नम्रपणे नाकारा. गुटखा विकणाऱ्यांचे किंवा पैशाचा खेळ चालवणाऱ्यांचे पैसे तर कोणत्याच अटीवर नकोत.

मुलीची संमती हा मुद्दा मी इतका उशिरा घेतला असला तरी निर्णय त्याच्यावरच थांबायला हवा. तिला एकटीला विचारा, सर किंवा काका समोर नसताना. तिने नको म्हटले तर आवाहन होणार नाही आणि त्याबद्दल घरात कोणी तिला बोलणार नाही, हे आधी ठरवून मगच विचारा, नाहीतर विचारण्याला अर्थ उरत नाही. ती हो म्हणाली तरी तिचा चेहरा, पूर्ण नाव, शाळा, गाव आणि सरावाची वेळ या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी मांडू नका. मुलगी वयात येते आहे, आणि इंटरनेटवर एकदा गेलेले परत घेता येत नाही. नेम धरून उभी असलेली, पाठीमागून घेतलेली तिची आकृती पुरेशी आहे. तिच्या खेळाबद्दल ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याला गुणपत्रिका दाखवा. पन्नास मीटरवरून ७२ बाणांत ७२० पैकी तिने किती गुण मिळवले, हा आकडा कोणत्याही रडक्या व्हिडिओपेक्षा तिच्याबद्दल अधिक खरे सांगतो.

तुम्ही तिला ‘मोठी मुलगी’ म्हटले आहे, म्हणजे घरात धाकटे भावंडही असणार, पण त्याच्याबद्दल पत्रात काही नाही. त्याच्या वाट्याचे काही यात जाते आहे का, हे तुम्ही दोघांनी बसून बघा. खेळाडू बहिणीच्या मागे घरातले सगळे पैसे आणि सगळे रविवार गेलेले भाऊ-बहीण मोठेपणी फार काही बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत.

आणि तिने खेळ सोडला तर? सोळाव्या-सतराव्या वर्षी अनेक मुली सोडतात. दहावी-बारावी येते, खांदा दुखावतो, कधी नुसते मन उडते. तो तिचा हक्क आहे आणि लोकांच्या पैशाने तो विकत घेता येत नाही. म्हणून त्या शक्यतेची सोय आवाहनातच करून ठेवा. हे सगळे लक्षात घेऊन मी तुमच्यासाठी एक मसुदा लिहिला आहे, तो तुमच्या आकड्यांनी पुरा करा:

‘आमची मुलगी चौदा वर्षांची असून कंपाउंड धनुर्विद्येत यंदा तिची राज्य संघात निवड झाली आहे. तिचे सध्याचे धनुष्य तिला अपुरे पडू लागले आहे. नव्या संचाची किंमत सोबत जोडलेल्या कोटेशनप्रमाणे इतकी आहे. जुने धनुष्य विकून आणि आमच्या बचतीतून आम्ही इतकी रक्कम घालत आहोत. आमच्या घरात नियमित उत्पन्न आहे, परंतु आधीचे कर्ज चालू असल्याने उरलेली रक्कम एकदम उभी करणे आम्हाला शक्य नाही. क्रीडा कार्यालयाकडे अर्ज केलेला आहे आणि तिकडून मदत मिळाल्यास मागणीतून तेवढी रक्कम कमी करू. मुलीने अमुक पदक जिंकावे अशी अपेक्षा ठेवून कृपया देऊ नये. ते वचन आम्ही देत नाही. रक्कम पूर्ण होताच आवाहन बंद करू आणि खरेदीची पावती प्रत्येक देणगीदाराला पाठवू. जास्तीचे आलेले पैसे आणि मुलीने खेळ सोडल्यास हे धनुष्य, दोन्ही अकादमीतील गरजू खेळाडूला दिले जाईल.’

खाली सही तुम्हा दोघांची असावी, मुलीची नको. ‘आभारी आहे’ असे म्हणणारा तिचा व्हिडिओही नको. आभार तुम्ही माना. वर्षातून एकदा, तिला वाटले तर, तिने कोणत्या स्पर्धा खेळल्या हे चार ओळींत देणगीदारांना कळवावे. गुण घसरलेले असतील तर तेही कळवावे.

राहता राहिले तुमचे दीर. त्यांनी पुतणीच्या मायेपोटी हे केले आहे, तेव्हा यजमानांना पुढे करण्याऐवजी तुम्हीच त्यांच्याशी बोलावे असे मला वाटते. ‘भावजी, तुमच्यामुळेच हे काम सुरू झाले, पण गोठ्यासमोरचा व्हिडिओ पुसून टाका, पोरीला त्याचा त्रास झाला आहे’ एवढे पुरे. त्यांना ऑनलाइन कामाची हातोटी आहे, तर कोटेशन मागवणे, व्यासपीठाचे नियम वाचणे आणि हिशेबाचा तक्ता दर आठवड्याला अद्ययावत ठेवणे हे काम त्यांच्याकडे सोपवा. नवा मसुदा आधी मुलीला वाचायला द्या, तिने एखादी ओळ खोडली तर ती खोडलेलीच राहू द्या, आणि मगच तो त्यांच्याकडे पाठवा.